कोपऱ्यातले चार दिवस

नाशकातल्या तांबट आळीत तान्ह्या पोरांना झोपवायला अंगाई लागत नसे. उजाडल्यापासून घराघराच्या तळमजल्यावर तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडायला लागत आणि त्या ठणठणाटात वरच्या मजल्यावरची पोरं गाढ झोपत. पंचाईत व्हायची ती हातोडे थांबल्यावर. दुपारी माणसं जेवायला उठली की आळीभर पाळण्यापाळण्यातून एकदम रडू फुटायचं. अमावास्येला तर कामाला सुट्टी. त्या दिवशी आळीतला बाप्या निवांत विडी ओढत बसायचा आणि आळीतली बाई संध्याकाळपर्यंत अर्धी व्हायची. बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही. न पटेना का. चंद्रभागेला पटत होतं, कारण तिच्या पाळण्यात काळू होता.

चंद्रभागा ही खंडेराव तांबटाची बायको. वय चोवीस, पोरं तीन. थोरली गोदू सात वर्षांची, मधला त्र्यंबू पाचाचा, आणि सिंहस्थ आटोपल्या आटोपल्या झालेला काळूराम दोनाकडे झुकलेला. त्याचे पाय पाळण्याबाहेर लोंबत, तरी त्याला पाळणाच लागे. घर म्हणजे खाली कारखाना, वर दोन खोल्या, आणि मागे शेजारच्या पत्र्यावर उघडणारा लहानसा सज्जा, त्याच्या टोकाला घडवायचे राहिलेले हंडे पडलेले. गंगा, म्हणजे गोदावरी, अगदी हाकेच्या अंतरावर. कुठली कुठली माणसं आगगाडीत बसून तिच्यात बुडी मारायला येत आणि पुण्य पदरात घालून परत जात. चंद्रभागेला मात्र दिवाळीपासून तिचं पाणी दिसलं नव्हतं. गंगेवर रोज पहाटे सासूबाई जात, सगुणाबाई. धुणं घरीच होई, न्हाणीत, आणि धुण्याच्या पिळ्यावर बहुधा काळू बसलेला असे.

तिचा दिवस सांगायचा तर सांगता येत नाही, कारण त्यातलं एकही काम सुरू झालं तिथे संपत नसे. भाकरी थापायला घ्यावी तर त्र्यंबू पिठाच्या परातीत पाय घालून "बघ आई, शंकर!" म्हणून भस्म फासलेला उभा. त्याला न्हाणीत न्यावं तर तेवढ्यात काळू चुलीपुढची राख मुठीमुठीने डाळीत घालतोय. काळूला उचलावं तर गोदू येऊन सांगायची, "आई, भाकरी जळली." गोदूचं एक बरं होतं, जे जे बिघडेल त्याची बातमी ती ताबडतोब आणायची. चंद्रभागा ओरडायची. मग आपणच ओरडलो म्हणून मनात चुटपुटायची आणि चुटपुटत असतानाच पुन्हा ओरडायची. तिचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, तोवर वणीच्या माहेरी ती डोंगराच्या पायथ्यापर्यंत शर्यतीने धावत जायची. आता या खोलीतून त्या खोलीत, एवढीच तिची धाव. कधी कधी दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबरठ्यावर उभं राहून आपण इकडे कशाला आलो होतो हेच तिला आठवत नसे, आणि तेव्हा तिला खरंच रडावंसं वाटे.

सुटका एकच होती. महिन्याचे चार दिवस.

त्या चार दिवसांत तिने कशालाही शिवायचं नाही. चूल नाही, पाणी नाही, पोरं नाहीत. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात कांबळं टाकून बसायचं, वेगळ्या पितळीत वरून वाढलेलं खायचं. पोरांनी विचारलं तर आळीतल्या सगळ्या आया सांगत तेच सांगायचं, की आईला कावळा शिवला. दुसऱ्या बायकांना त्या कोपऱ्याचा तिटकारा होता. शेजारची बायडाबाई म्हणायची, "बाई बाई, चार दिवस म्हणजे चार जन्म वाटतात गं." चंद्रभागा वरवर मान हलवायची. मनातून ती त्या दिवसांची वाट माहेरच्या बोलावण्यासारखी पाहायची. त्या कोपऱ्यात तिला भाकरी गरम मिळे आणि ती सगळीच्या सगळी एका बैठकीत खाता येई. जेवून ती भिंतीकडे तोंड करून झोपे. कोणी उठवू शकत नसे.

ते चार दिवस घराची धुरा सासूबाईंकडे येई, आणि काय वर्णावं! सगुणाबाईंनी नऊ बाळंतपणं केली होती, पण त्यांचे गुडघे आता बसलं की उठेनात. एकदा त्र्यंबूने नाकात हरभरा घातला. सासूबाईंनी आधी त्याला उलटा धरला, मग दटावलं, मग आपल्या डबीतली चिमूटभर तपकीर त्याच्या दुसऱ्या नाकपुडीला लावली. पोरगं असं काही शिंकलं, की हरभरा सुटला तो थेट आमटीच्या पातेल्यात. तपकिरीची डबी तोवर काळूच्या हातात गेली होती. पुढचा पाऊण तास तिघंही शिंकत होती, आणि गोदू खाली जाऊन बापाला बातमी देत होती की आजी शिंकून शिंकून मरतेय. चंद्रभागा कोपऱ्यात पदराचा बोळा तोंडात कोंबून हसली. तिला उठून मदत करता येत नव्हती, आणि त्याचा तिला जो आनंद झाला तो कोणापाशी बोलून दाखवण्याजोगा नव्हता.

तरी पोरांनी त्या कोपऱ्यालाही भोक पाडायला कमी केलं नाही. अंगावर कापड नसलेलं लहान मूल शिवलेलं चालतं, हा नियम. काळू बाराही महिने नागवाच असल्याने तो खुशाल येऊन तिच्या कुशीत शिरे. हे त्र्यंबूने दोन महिने न्याहाळलं आणि एका सकाळी ऐन पावसाळ्यातल्या गारठ्यात सदरा, लंगोटी, गळ्यातला ताईतसुद्धा उतरवून कोपऱ्यापुढे हजर झाला. "आजी, आता मी चालतो ना?"

"अरे, पाच वर्षांचा घोडा तू!" सासूबाई ओरडल्या. "तुला कसं चालेल?"

"मग किती वर्षांचा चालतो?"

सासूबाईंनाही ते नक्की ठाऊक नव्हतं. त्यांनी बायडाबाईला विचारलं, बायडाबाईने भटजींना विचारलं, आणि भटजी पोरगं केवढं आहे ते पाहून ठरवू म्हणाले. त्र्यंबू तेवढा वेळ कुडकुडत उभा होता. शेवटी निकाल त्याच्याविरुद्ध लागला, आणि त्या दिवशी त्याने कावळ्यांशी वैर धरलं. सगळा घोळ कावळ्याने शिवण्यातून होतो, तर कावळाच येऊ द्यायचा नाही. खंडेरावाने त्याला पेरूच्या फांदीची गलोल करून दिली होती, सायकलच्या ट्यूबचं रबर लावून. सज्जात उभं राहून तो पत्र्यावर येणाऱ्या प्रत्येक कावळ्यावर खडे मारू लागला.

गोदूचं नेमकं उलट. ती पानातला भात मुठीत लपवून सज्जाच्या कठड्यावर ठेवी आणि कावळ्याला हळूच हाका मारी. एकदा चंद्रभागेने तिला पकडलं. "कशाला गं बोलावतेस त्याला?"

गोदू खाली मान घालून म्हणाली, "तो शिवला की तू ओरडत नाहीस. माझ्याशी बोलतेस."

ते खरं होतं. चार हातांवर बसवून, न शिवता, चंद्रभागा कोपऱ्यातून गोदूला वणीच्या गोष्टी सांगे, डोंगराच्या, जत्रेच्या, तिच्या एका खट्याळ शेळीच्या. एरवी गोदूला तिच्याकडून "हे धर", "ते आण", "त्याला बघ" याशिवाय काही मिळत नसे. ते ऐकून चंद्रभागेला फार वाईट वाटलं. पण तेवढ्यात काळू पाळण्यातून पडला आणि ते वाईट वाटणंही अर्धवटच राहिलं.

असं चाललेलं असताना कार्तिकात चंद्रभागेचे दिवस चुकले.

तिला कळायला वेळ लागला नाही, चौथी खेप होती. तिने दिवस मोजायला भिंतीवर ओढलेल्या चुन्याच्या रेघा पुन्हा पुन्हा मोजल्या. लेकरू येणार याचं नव्हे तेवढं तिला दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. आता नऊ महिने कोपरा नाही. मग बाळंतपण, मग अंगावरचं पिणारं मूल. वर्ष-दीड वर्ष तिला कोणी एकटं सोडणार नाही. हा विचार मनात आल्याबद्दल तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, अगदी खरोखरीची. मग नेहमीचा दिवस उलटून दोन दिवस झाल्यावर, वद्य एकादशीला, तिने सासूबाईंना सांगितलं, "आत्याबाई, मी बाजूला बसते." आणि जाऊन बसली.

मार्गशीर्षातही बसली. देवाधर्माचं काही बिघडत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. विटाळ असून लपवला तर पाप. नसताना आहे म्हटलं तर कोणाचं काय गेलं? सासूबाईंचे गुडघे गेले, हे तिला दिसत होतं, म्हणून चार दिवस संपले की ती रोज रात्री त्यांचे पाय चेपायची, नेहमीपेक्षा जास्त वेळ. पौषातलं बसणं शेवटचं, असं तिने ठरवलं होतं. त्यानंतर पोट दिसायला लागलं असतं. ते शेवटचे चार दिवस ती मनाशी धरून होती.

पण पौष वद्य नवमीला तिचे सासरे गोटीराम यांची तिथी आली.

तिथीमुळे कारखाना बंद. हातोडे बंद म्हणून काळूने सकाळपासून जो सूर लावला तो लावला. त्याला कमरेवर घेऊन चंद्रभागेने भरड्याचे वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक रांधला. भटजी शिधा घेऊन गेले. दुपारी बाराला कावळ्याचं पान सज्जाच्या कठड्यावर ठेवलं. कावळा शिवला की मग घरची माणसं जेवणार. खंडेराव, सासूबाई, हाताखाली मदतीला आलेली बायडाबाई, सगळे दाराआड उभे राहिले.

कावळा आला नाही. एक वाजला. लांब पिंपळावर चार-पाच बसलेले दिसत होते. माना वाकड्या करून पानाकडे बघत होते, पण कोणी हलेना. एखादा उडे, अर्ध्या वाटेवर येई आणि मागे फिरे.

"त्यांना लिंबाचं लोणचं आवडायचं," सासूबाई म्हणाल्या. लोणचं वाढलं. मग तंबाखूची चिमूट ठेवली. मग खंडेरावाने खाली जाऊन वडिलांचा हातोडा आणला आणि पानाशेजारी ठेवला. दोन वाजले. खंडेरावाच्या पोटात कावळे ओरडत होते, ते सगळ्यांना ऐकू येत होते. त्याने हात जोडून विडी सोडण्याचा शब्द दिला. बायडाबाईलाही राहवेना. "गोटीरामदादा, तुमचा वरवंटा आमच्याकडे आहे दोन वर्षं. संध्याकाळी आणून देते हो!" तरी कावळा येईना.

तेव्हा बायडाबाई आवाज खाली नेऊन म्हणाली, "सगुणावहिनी, मला विचाराल तर घरात कोणीतरी काहीतरी दडवलंय. वरच्या माणसाला सगळं दिसतं."

"गप गं बायडे," सासूबाई एकदम खेकसल्या. "भलतंसलतं बोलू नकोस."

पण चंद्रभागा सकाळपासून उभी, पोटात अन्न नाही, कानाशी काळूचं भोकाड. याच हातांनी तिने दोन महिने लबाडी केली होती आणि याच हातांनी पितरांचं जेवण रांधलं होतं. मामंजींनी तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं, पहिल्या बाळंतपणात तिच्यासाठी स्वतः तांब्याचा बंब घडवला होता. त्यांना कळलं. खोटं कावळ्याचं, म्हणून त्यांनी कावळाच अडवून धरला. तिला ते इतकं स्वच्छ दिसलं, की गलोल, खडे, पोरं, काही म्हणजे काही तिच्या डोक्यात आलं नाही. आणि गलोल तर आठ दिवसांमागे सासूबाईंनी माळ्यावर फेकून दिली होती.

काळूला खाली सोडून ती पानापुढे गुडघ्यांवर बसली. "मामंजी, मला क्षमा करा. मी खोटं बोलले."

"चंद्रे, ऊठ." सासूबाईंनी पुढे होऊन तिचा दंड धरला. "पुरे. ऊठ म्हणते ना!"

पण ती उठेना आणि थांबेना. "मला शिवला नव्हता हो. कार्तिकात नाही, मार्गशीर्षातही नाही. मला दिवस गेलेत. मला नुसतं झोपायचं होतं, मामंजी. एकदा जेवण बसून जेवायचं होतं. पुन्हा नाही बसणार. पण तुम्ही जेवा, उपाशी राहू नका."

सगळे चिडीचूप झाले. काळूसुद्धा. आणि त्या शांततेत सज्जाच्या टोकाला आडव्या पडलेल्या मोठ्या हंड्यात टण्णदिशी एक खडा वाजला.

खंडेरावाने वाकून पाहिलं. काठ वळवायचे राहिलेल्या त्या हंड्यात त्र्यंबू मांडी घालून बसला होता. एका हातात गलोल, पुढ्यात खड्यांची रास. कणगीवर चढून त्याने माळ्यावरून गलोल काढली होती आणि सकाळपासून पहारा चालवला होता.

"बाबा, एकालाही येऊ दिलं नाही," तो अभिमानाने म्हणाला. "सगळे आईला शिवायला आले होते."

खंडेरावाने त्याला कान धरून बाहेर काढलं आणि गलोल काढून घेतली. माणसं दारातून मागे होतात न होतात, तोच दोन कावळे एकदम उतरले. एकाने वडा उचलला, दुसऱ्याने खिरीत चोच घातली. लोणच्याला कोणी विचारलं नाही.

मग एकच हशा उसळला. बायडाबाई भिंतीला टेकून हसली, खंडेरावाच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्र्यंबूला दोन धपाटे आणि दोन वडे मिळाले. पानं वाढली. चंद्रभागा वाढत होती आणि कोणी आपल्याला बोल लावील म्हणून वाट पाहत होती, पण कोणी काही बोललं नाही. खंडेराव खिरीची वाटी तोंडाला लावत म्हणाला, "मुलगा झाला तर बाबांचंच नाव ठेवू." बायडाबाई गूळ आणायला घरी पळाली आणि येताना चार घरी सांगत आली. सगळे खूश होते. चंद्रभागेने झोपायचं होतं म्हणून सांगितलं होतं, ते मात्र कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. तिला वाटलं, यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती मोरीवर खरकटी काढत असताना सासूबाई येऊन पाटावर बसल्या.

"मला कार्तिकातच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

चंद्रभागेने पातेलं खाली ठेवलं.

"सकाळी माठाआड जाऊन ओकारी काढतेस. माठाला कान नसतील, मला आहेत. आणि चार दिवसांचं धुणं मला दिसत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत, आत्याबाई?"

"काय बोलायचं?" सासूबाईंनी आपले गुडघे चोळले. "झोपली होतीस तू. तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी. खंडूच्या वेळी मीसुद्धा बसले होते अशीच. माझ्या सासूने तिसऱ्या महिन्यात ओळखलं आणि झिंज्या धरून उठवलं. म्हटलं, हिला तिसरा महिना मिळू दे. परवा एकादशी. मी तुझं कांबळं कालच उन्हात घातलं होतं गं. कशाला बोललीस?"

"मग आता... परवा मी बसले तर..."

"आता कसं? आळीभर झालं." सासूबाई भिंतीला धरून उठल्या. "आता माझ्या हातात नाही राहिलं, चंद्रे."

चंद्रभागा तिथेच बसून रडली. हात राखेने भरलेले असल्याने तिला डोळेही पुसता येईनात. सासूबाईंनी आपल्या पदराने ते पुसले आणि आत गेल्या.

एकादशीला सकाळी सासूबाईंनी कांबळं घडी करून माळ्यावर टाकलं. त्र्यंबूने पिठात हात घातले. काळूने गोदूची वेणी ओढली. चंद्रभागा ओरडली. थोड्या वेळाने ती ओले पिळे घेऊन सज्जात आली, तर कठड्याशी गोदू उभी होती आणि कठड्यावर भाताचे चार ढीग मांडलेले होते.

"आज शिवणार ना गं तुला?" गोदूने विचारलं. "मी रेघा मोजल्यात."

"आता नाही शिवायचा."

"कधी मग?"

"पुढच्या वर्षी. नाहीतर त्याच्या पुढच्या."

गोदूने ते मनाशी मोजून पाहिलं. तिच्या बोटांत ते मावेना. "मग तू माझ्याशी कधी बोलणार?"

चंद्रभागेने पिळा कठड्यावर ठेवला. ती खाली बसली आणि तिने गोदूला जवळ ओढलं. शेळीची गोष्ट कुठवर आली होती ते आठवून तिने तोंड उघडलं, तोच खाली हातोडे थांबले आणि आत काळू रडायला लागला.